बाईचा दम

माझी आत्या एका कारखान्यात क्रेन चालवायची. शाळेत सरांनी "कुणाच्या घरी कोण काय काम करतं?" असं विचारलं की माझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा आणि उत्तर ऐकून वर्ग खो खो हसायचा. एकदा तर सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, क्रेनच्या कंपनीत ऑफिसात असतील ना त्या?" मी म्हटलं, "नाही सर, क्रेनमध्येच. वर बसते ती."

वर म्हणजे किती वर, ते मी पुढे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या आणि पाइप बनवणारा तो कारखाना. त्याची शेड इतकी लांब, की या टोकाच्या माणसाने हाक मारली तर त्या टोकाचा माणूस कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' असंच खुणावायचा. छपराखाली दोन भिंतींवर दोन रूळ, त्यांच्यावरून सरकणारी आडवी लोखंडी तुळई आणि तुळईच्या एका टोकाला खाली लटकवलेली काचेची केबिन, जेमतेम एका माणसापुरती. खांबाला ठोकलेल्या शिडीच्या एकतीस पायऱ्या चढून आत्या सकाळी त्या केबिनीत जायची, ती जेवायच्या सुट्टीलाच खाली यायची. दोन हातांत दोन दांडे, पायाशी घंटेचं बटण आणि खाली हुकाला लोंबणारं कित्येक टनांचं लोखंड. ते ती असं न्यायची, जसा काठोकाठ भरलेला पेला हिंदकळू न देता आजाऱ्याच्या उशाशी न्यावा.

कारखान्यात तिचं नाव पडलं होतं 'वरची बाई'. वेल्डिंगवाल्यांचा एक ठरलेला विनोद होता: "वर दोघंच असतात, देव आणि बाई. देवासाठी घंटा आपण वाजवतो, बाई आपल्यासाठी वाजवते."

तिच्या जोडीला खाली असायचा खलाशी. ना समुद्र ना जहाज, पण ओझ्याला दोर बांधून हाताच्या खुणांनी क्रेनला वाट दाखवणाऱ्याला तिथे खलाशीच म्हणत. वयाने आत्याहून बराच मोठा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. अंगठा वर, म्हणजे उचल. तळहात पालथा, म्हणजे सोड. मूठ घट्ट, म्हणजे थांब. अकरा वर्षं ती दोघं एकमेकांशी अशी बोलत होती. आत्या म्हणायची, "तुझ्या आतोबांच्या मनातलं मला कळत नाही, पण मामांच्या करंगळीतलं कळतं."

आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. मऊ बोलायचे आणि पाल दिसली की खुर्चीवर चढायचे. दोघं राहायची आमच्याच इमारतीत. आम्ही खाली, ती दोघं दोन मजले वर. घरीही ती वरचीच, असं बाबा म्हणायचे.

आमचं सगळं घर ख्रिस्ती. रविवारी चर्चला जायचं, गाणी म्हणायची, घरी येऊन जेवायचं. आत्याची श्रद्धा तोवर आम्हा सगळ्यांसारखीच होती. रविवारी कडक इस्त्रीची, शनिवारपर्यंत चुरगळलेली. तिला कशाची भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण एका माणसाची तिला भीती वाटायची. तो शेडचा फोरमन. त्याचा आवाज असा, की माणसं त्याला पाठीमागे 'भोंगा' म्हणत. शिवी तो कधी द्यायचा नाही, त्याची त्याला गरजच नव्हती. चारचौघांत नुसतं "बाईंना आज जमत नाहीये वाटतं" एवढं म्हणायचा आणि आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कारखान्यातली ती एकटीच बाई क्रेनवर. तिला जमत नाही हे ऐकायला बरेच जण टपलेले होते आणि तिला ते ठाऊक होतं.

एका मंगळवारी आठ पाइपांची एक मोळी शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायची होती. एवढ्या लांब पाइपांना दोन टोकांकडे दोन दोर हवेत. त्या दिवशी मधोमध एकच बांधला होता, कारण दुसरा दोर कुठेतरी अडकला होता आणि भोंग्याला घाई होती. आत्याने दांडा ओढला, मोळी जमिनीवरून उचलली गेली आणि तिचं एक टोक हळूच खाली झुकलं. फार नाही, वीतभर. आत्याचा हात थांबला.

"काय झालं?" खालून भोंगा वाजला. "संध्याकाळपर्यंत असंच लोंबत ठेवणार का? न्या!"

तिने मामांकडे पाहिलं. मामांनी फोरमनकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. चल.

तिने क्रेन हलवली. अर्ध्या वाटेत मोळी आणखी कलली, एक पाइप सुटला आणि त्याच्यामागे आणखी पाच घसरले. मामांनी उडी मारली, पण डावा पाय अडकला. केबिनीची काच बंद होती. मामा ओरडले ते आत्याला ऐकूच आलं नाही, तिला नुसतं त्यांचं उघडलेलं तोंड दिसलं. ते उघडं तोंड पुढे कित्येक महिने तिच्या झोपेत येत राहिलं.

हुकाला उरलेले दोन पाइप तिने व्यवस्थित खाली टेकवले. हातांनी ते आपलं आपण केलं, ती म्हणायची. त्यानंतर मात्र तिला उठताच येईना. एक वेल्डर तिच्या खालच्या पायरीवर आणि एक वरच्या, असं दोघांनी तिला खाली आणलं.

मामांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. चौकशी झाली. ओझं चुकीचं बांधलं होतं असा निकाल लागला, फोरमनला कडक समज मिळाली आणि आत्याला एक कागद: 'ऑपरेटरची कोणतीही चूक आढळली नाही.' आतोबांनी तो कागद मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. आत्या म्हणाली, "मी थांबले होते, हे कागदाला कुठे माहीत आहे? मला दिसलं होतं हो. मला दिसलं होतं आणि तरी मी नेलं."

तीन आठवड्यांनी ती कामावर गेली. शिडीशी उभी राहिली, चढू लागली आणि सातव्या पायरीवर तिच्या हातांनी दांडी अशी काही धरली की सोडवेना. वर जाता येईना, खाली येता येईना. शेडमधलं काम थांबलं. ज्या वेल्डरने तो घंटेचा विनोद काढला होता, तोच खाली उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "बाई, आता उजवा पाय. हां. आता डावा." असं करत ती उतरली.

मग तिला स्टोअरमध्ये बसवलं. एका खिडकीतून हातमोजे आणि काळे चष्मे द्यायचे, सही घ्यायची. कुणी तिची थट्टा केली नाही. एरवी जिभेला हाड नसलेली माणसं खिडकीशी आली की कशी आहेस, बरी आहेस ना, असं मऊ मऊ बोलायची. त्यानेच ती जास्त खचली. वर दुसरा एक माणूस क्रेन चालवत होता. तो बरा होता, पण ओझं टेकवताना धाडकन आवाज यायचा आणि दर आवाजाला खिडकीतल्या आत्याचे खांदे उडायचे.

घरच्या जिन्यावरही ती आता कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढायची. आतोबा तिच्या एक पायरी मागे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "माझा गुडघा दुखतोय जरा, म्हणून हळू." त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

रोज पहाटे ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून प्रार्थना करायची. एकच मागणं. प्रभू, ही भीती काढून टाक. डोळे मिटून मनातल्या मनात शिडीशी जायची, सातवी पायरी यायची आणि तळहात घामाने भिजायचे. दोन महिने झाले. भीती होती तिथेच होती. एकदा ती आईला म्हणाली, "वहिनी, मी इतकी वर्षं त्याच्या इतकी जवळ बसून काम केलं, आणि आता त्याला माझं ऐकू येईना झालंय." हसायला म्हणून म्हणाली, पण हसली नाही.

शेवटी आईच तिला चर्चच्या पाळकसाहेबांकडे घेऊन गेली. मीही गेले होते. आमचे पाळकसाहेब उंच, किडकिडीत, आणि हात कायम कशाने तरी काळे झालेले, कारण मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या सायकली तेच दुरुस्त करायचे. त्या दिवशीही ते अंगणात सायकल उलटी घालून पंक्चर शोधत होते. उठले नाहीत. "बस," म्हणाले, "मला ऐकायला कानच लागतात, हात मोकळे नसले तरी चालतं."

आत्याने सगळं सांगितलं. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"देवाकडे मागतेस काय तू?"

"भीती काढून टाक म्हणते. दुसरं काय मागणार?"

"हं. आणि त्या खलाशाला भेटलीस?"

"नाही," ती म्हणाली. "फळं पाठवली आमच्या ह्यांच्याबरोबर."

"फळं," पाळकसाहेब म्हणाले. ट्यूबमधून बुडबुडा आला, तिथे त्यांनी खडूने खूण केली. "हे बघ, मी काही फार शिकलेला पाळक नाही. पण मला वाटतं तू देवाला शिडीजवळ शोधतेस आणि तो तुझी वाट बघत बसलाय त्या माणसाच्या खाटेशी. तू तिथे जायला घाबरतेस. बरोबर ना?"

"हो."

"मग घाबरत जा. घाबरत जायला त्याची हरकत नाही. वादळात येशूचे शिष्य तो होडीत असतानाही घाबरलेच होते. म्हणून काही तो होडीतून उतरून गेला नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या कामावरून परस्पर मामांच्या घरी गेली.

तिथे काय झालं ते मला तिनेही सांगितलं आणि पुढे मामांनीही, आणि दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की मामांच्या मते ती आधी रडली आणि तिच्या मते मामा. मामा खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. त्यांच्या बायकोने स्टूल पुढे केलं. आत्या बसलीच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "मामा, टोक झुकलं होतं. मला दिसलं होतं. मी थांबायला हवं होतं. मी भोंग्याला घाबरले आणि तुमचा पाय गेला. मला माफ करा."

मामांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस आधी. मान दुखते वर बघून. तिथेही वर, इथेही वर."

ती बसली.

"तुला वरून दिसलं," मामा म्हणाले, "मग मला खालून दिसलं नसेल? डोळ्यांसमोर होतं माझ्या. मूठ आवळायची तेवढी बाकी होती. मी भोंग्याचं तोंड बघितलं आणि हात पुढे केला. चौकशीत मी हे बोललो नाही. बायकोलाही बोललो नाही. आज बोलतोय."

मामांची बायको दारातच उभी राहिली, हातात कप तसेच.

"आपण दोघांनी मिळून मोडलाय हा पाय," मामा म्हणाले. "आणि त्या भोंग्याने. तिघांत वाटून घेऊ. तुझा वाटा तेवढाच उचल, सगळा नको उचलूस. क्रेनवाली बाई तू, किती टन झेपतं ते तुला कळायला पाहिजे."

निघताना आत्याने विचारलं, "मामा, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" मामा काही ख्रिस्ती नव्हते. ते म्हणाले, "कर की. पण पायासाठी करतेस तर दोन्ही पायांसाठी कर, चांगल्याला पण सगळा भार येतोय."

पुढचा सोमवार. जेवायच्या सुट्टीत शेड रिकामी होते. आत्या स्टोअरची खिडकी बंद करून शिडीशी गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि नेहमीची प्रार्थना करू लागली, पण तोंडातून निघालं दुसरंच. "प्रभू, मामांना बरं कर. दोन्ही पाय." दुसरी पायरी. मामांची बायको. तिसरी पायरी. तो वेल्डर, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. चौथीला वेल्डरचा जोडीदार, त्याला रात्रंदिवस खोकला. असं एकेका पायरीला एकेक माणूस. सातवी पायरी आली ती स्टोअरच्या म्हाताऱ्या कारकुनाची. त्याच्या मोतीबिंदूसाठी ती प्रार्थना करत होती आणि आठवीवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की सातवी गेली. लक्षात आलं मात्र, हात पुन्हा घट्ट झाले. ती उतरली. पण आठवीवरून उतरली, एकटी, कुणीही न सांगता.

त्या दिवसापासून ती रोज सुट्टीत जायची. कधी दोन पायऱ्या जास्त, कधी एक कमी. माणसं पुरेनात म्हणून तिने शेडमधल्या एकेकाची चौकशी सुरू केली. खिडकीशी हातमोजे न्यायला आलेल्याला विचारायची, "घरी कसं काय?" लोक सांगायचे. कशासाठी विचारतेय ते कुणालाच कळलं नाही. एका तरुण फिटरला तर वाटलं बाई स्थळ शोधतेय. त्याने घाईघाईने सांगून टाकलं, "बाई, माझं ठरलंय हं."

महिन्याभरात ती तिसाव्या पायरीपर्यंत पोचली आणि तिथे अडली. कारण एकतिसावीला कुणी उरलंच नव्हतं, एक सोडून. भोंगा.

"जीभच उचलेना बघ," ती मला सांगायची. "केबिनीचं दार हाताशी आहे, खाली बघितलं तरी चक्कर येत नाही, आणि मी तिथे लोंबकळतेय. त्या माणसासाठी देवाकडे काही मागायला मन होईना. तीन दिवस तिसावीवरून परत आले. चौथ्या दिवशी म्हटलं, प्रभू, हा माणूस मला अजिबात आवडत नाही, तुला माहीतच आहे. पण त्यालाही वरून कुणीतरी ओरडत असेल. त्याच्याकडे बघ. एवढंच म्हटलं आणि वर गेले."

आठवड्याने तिने मॅनेजरसाहेबांना सांगितलं, मला माझी क्रेन परत द्या. त्यांनी दोन दिवस रिकाम्या हुकाने परीक्षा घेतली, मग हलकं ओझं, मग जड. तिसऱ्या दिवशी तिने एक टाकी इतकी अलगद टेकवली की वेल्डरने कानाशी हात नेऊन विचारलं, "पोचली का?" शेडभर हशा पिकला आणि 'वरची बाई' परत वर गेली.

इथे गोष्ट संपली असती तरी मी ती अभिमानाने सांगितली असती. पण खरी कसोटी पुढे होती.

मामा आठ महिन्यांनी कामावर आले, जरा लंगडत. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक भली मोठी टाकी बाहेर पाठवायची होती. कारखान्यात आजवर बनलेली सगळ्यात मोठी. ती घ्यायला दुसऱ्या कंपनीचे साहेब लोक आले होते, पांढऱ्या हेल्मेटांत रांगेने उभे. आमचे मॅनेजर त्यांच्याशेजारी. ट्रक दारात तयार. भोंगा त्या दिवशी घड्याळाकडे बघत नव्हता असं मिनिट गेलं नाही.

दोर बांधले, चारही बाजूंनी, नीट. मामांनी अंगठा वर केला. आत्याने टाकी जमिनीवरून हातभर उचलली आणि थांबली. परत आल्यापासून ती प्रत्येक ओझं असंच हातभर उचलून थांबायची, मनात दहापर्यंत मोजायची. त्याबद्दल भोंग्याने दोनदा टोमणे मारले होते. त्या दिवशी सहापर्यंत मोजलं आणि टाकीला एक बारीकसा हिसका बसला. खाली कुणाला दिसलाही नसेल. तिला दांड्यात जाणवला. तिने टाकी खाली टेकवली आणि घंटा दाबली.

"काय झालं?" भोंगा वाजला.

तिने केबिनीची खिडकी उघडली. "साहेब, दोर बघायला पाहिजे. मागच्या डाव्या बाजूचा."

"सकाळी बघितलाय! उचला!"

"पुन्हा बघा. मी नेणार नाही."

अख्ख्या शेडला ऐकू गेलं. भोंगा पाहुण्यांकडे बघून हसला, मग शिडीपाशी येऊन आवाज जरा उतरवून म्हणाला, "बाई, पाहुण्यांसमोर तमाशा नको. पुन्हा तुमच्या मनाने घेतलंय, मला कळतं. खाली या, दुसरा माणूस चढेल."

आत्या म्हणायची, त्या वेळी तिला कारखान्यातल्या सगळ्या आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. शिडीचीही एवढी नव्हती. 'पुन्हा मनाने घेतलंय' हे वाक्य वर्मी बसलं होतं, कारण तिलाही क्षणभर वाटलं, खरंच की काय? हिसका बसलाच नसेल तर? नोकरी जाईल, आणि लोक म्हणतील बाई वेडी झाली. तिने डोळे मिटले नाहीत. नुसतं म्हणाली, "प्रभू, तू आहेस ना? मग चल." क्रेन बंद केली, चावी काढली, खिशात घातली आणि खाली उतरली.

भोंग्याने हात पुढे केला. "चावी."

"देते. आधी दोर बघा."

"बाई, मी शेवटचं सांगतोय."

"मीही, साहेब. मागच्या वेळी मी गप्प बसले. तुम्ही म्हणालात न्या आणि मी नेलं. चूक माझीही होती. ती मी परत करणार नाही. मला काढायचं असेल तर काढा, पण चावी दोर बघितल्यावर."

आवाज कापत होता, असं मामा सांगतात. "पण शब्द एकही कापला नाही," असंही तेच सांगतात. आणि मग मामा लंगडत टाकीच्या मागच्या डाव्या बाजूला गेले, कुणाला न विचारता. तारेचा जाड दोर होता तो. मामांनी हातमोजा चढवला आणि दोरावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवत आणला. टाकीच्या कडेशी दोर वळतो तिथे हात अडकला. मामांनी मूठ घट्ट आवळली आणि वर धरली. थांब.

मॅनेजरसाहेब पुढे आले. हातमोज्यात तारेची तुटकी टोकं रुतली होती. वरून काही दिसत नव्हतं, आतल्या बाजूने दोर कडेवर घासून निम्म्याहून जास्त तुटला होता. त्या टाकीच्या पुढे, वाटेवर, पांढऱ्या हेल्मेटांची रांग उभी होती.

पाहुण्यांपैकी एक वयस्कर साहेब दोन पावलं मागे सरकले. आत्याने खिशातून चावी काढली आणि भोंग्यासमोर धरली. त्याने ती घेतली नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नवीन दोर आणा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक निघाला की शेजारच्या माणसाने विचारलं, "काय म्हणाले?"

पाऊण तासाने टाकी ट्रकवर चढली. आत्यानेच चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा शिडीशी तिची वाट बघत उभा होता. म्हणाला, "बाई, ते हातभर उचलून थांबता ना तुम्ही. किती मोजता?"

"दहा."

"सगळ्या शेडला तेच करायला सांगतो," तो म्हणाला. थोडा घुटमळला. "मलाही रोज वरून फोन येतात हो. ऐकावं लागतं." आत्या म्हणाली, "माहीत आहे साहेब." तिला माहीत कसं, हे तिने त्याला सांगितलं नाही.

तेव्हापासून त्या कारखान्यात नियम झाला. कुठलंही ओझं हातभर उचलायचं, दहा मोजायचे, आणि वरचा किंवा खालचा, दोघांपैकी एक जरी 'नाही' म्हणाला तर ओझं खाली. मग समोर कुणीही साहेब असो. कागदावर त्या नियमाला लांबलचक नाव आहे, पण माणसं त्याला म्हणतात 'बाईचा दम'. "बाईचा दम घेतला का?" असं विचारतात. आतोबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घरी तर तो आम्ही लग्नापासून खातोय." आणि मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

पाळकसाहेबांनी आत्याला रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, उभं केलं. आत्याला लोकांसमोर बोलायची सवय नाही, अकरा वर्षं खुणांनी बोललेली बाई ती. ती म्हणाली, "मला वाटायचं, देव भीती काढून टाकतो आणि मग आपण चालू लागतो. माझी भीती त्याने काढली नाही. मी निघाले, तेव्हा तो बरोबर निघाला. मला एवढंच सांगता येतं." आणि खाली बसली. इतकी लहान साक्ष आमच्या चर्चमध्ये कुणी कधी दिली नव्हती. पुढच्या बाकावरच्या एक आजी मोठ्याने "आमेन" म्हणाल्या, आणि मी मान ताठ करून इकडेतिकडे बघितलं, कोण कोण बघतंय ते.

त्यानंतर आत्याने आणखी सोळा वर्षं क्रेन चालवली. पुढे दोन मुली शिकायला आल्या, त्यांना तिनेच तयार केलं. आता ती निवृत्त झाली आहे, आणि घरी बसेल तर शपथ. आठवड्यातून तीन दिवस सकाळी पाळकीणबाईंबरोबर इस्पितळात जाते. ज्यांचं त्या दिवशी ऑपरेशन असतं, अशांच्या शेजारी बसते. त्यांना 'घाबरू नका' असं ती कधीच म्हणत नाही. "घाबरलात ना?" असं विचारते. माणूस हो म्हणतो. "मग मी बसते," म्हणते, आणि हात हातात घेऊन बसते. ज्याला चालेल त्याच्यासाठी प्रार्थना करते, ज्याला नको त्याच्याशी गप्पा मारते, आणि आत न्यायची गाडी आली की तिच्याबरोबर दारापर्यंत चालत जाते.

गेल्या महिन्यात मी तिला आणायला गेले होते. वॉर्डमधल्या एका नर्सने मला विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण? आज तो भला मोठा पैलवान लहान मुलासारखा रडत होता, आणि त्यांनी असं काय सांगितलं कोण जाणे, हसत हसत आत गेला."

"माझी आत्या," मी म्हटलं.

जरा जास्तच मोठ्याने म्हटलं असावं, कारण सगळ्या वॉर्डने वळून पाहिलं.